अणुबॉम्बच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि छापणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
मराठीत राजकीय थरारकादंबऱ्या लिहिणारे लेखक, अनुवादक आणि प्रकाशक यांना,

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. 'ड' वर्गाचं वाचनालय. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं आणि उन्हाळ्यापुरता एक कूलर. तुमची पुस्तकं त्या कपाटांत फार दिवस राहत नाहीत. कोळसा खाणीवर रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक, बारावीचे पोट्टे, फाट्यावरचा पानठेलेवाला, सोयाबीन निघाल्यावर थोडी उसंत मिळालेले शेतकरी, आणि अलीकडे गावातल्या काही सुनाही, सगळे आल्या आल्या विचारतात, "बॉम्बचं नवीन पुस्तक आलं का मॅडम?" शाळा सुटल्यापासून ज्यानं छापलेली ओळ वाचली नाही, अशा माणसाला तुम्ही चारशे पानं वाचायला लावता. आमच्या गावात हे दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तुमच्याशी भांडायचा हक्क मला त्यामुळेच वाटतो.

गेल्या वर्षी आम्ही एक कादंबरी घेतली. पाकिस्तानातून निघालेलं युरेनियम समुद्रमार्गे कोकणात उतरतं, तिथून ट्रकनं विदर्भात येतं आणि इथला एक भंगारवाला आपल्या गोदामात त्याचा बॉम्ब जुळवतो. बेत नागपूर उडवायचा. दिल्लीहून आलेला अधिकारी शेवटच्या मिनिटाला वायर कापतो. कादंबरीचं नाव मी घेत नाही आणि लेखकाचंही नाही, कारण थोड्याफार फरकानं हीच गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळांच्या पुस्तकांत मी वाचली आहे. त्यातल्या चुका दाखवणारं सविस्तर पत्र मी प्रकाशकांना पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं: कादंबरी काल्पनिक असते, वाचक सुज्ञ आहेत. मग दुसरी आवृत्ती निघाली. तीत काना-मात्राही बदललेला नाही. हे गप्प बसून सोडून देणं मला शक्य नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वाचक सुज्ञ आहेत हे खरंच. बोंडअळीबद्दल तुम्ही चुकीचं लिहिलंत तर आमचा वाचक ते पान तिथेच मिटवेल. तलाठी, सातबारा, सावकार, पोलीस पाटील यांच्याविषयीचं खोटं तो एका ओळीत पकडतो. पण अणुबॉम्ब त्यानं पाहिलेला नाही आणि देव करो त्याला कधी दिसू नये. किरणोत्सार म्हणजे काय, हे त्याला दुसरं कोणी सांगायला येत नाही. तिथे तो पूर्णपणे तुमच्या भरवशावर असतो. जे तुम्ही लिहाल ते त्याचं ज्ञान होतं.

पहिली तक्रार विज्ञानाची. तुमच्या पुस्तकांत युरेनियम ब्रीफकेसमधून फिरतं, हिरवं चमकतं आणि दोन तारा जोडल्या की शहर जातं. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये बॉम्बच्या कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. वीज बनवणाऱ्या जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवून लागतं, शस्त्राला ९० टक्क्यांच्या आसपास. तिथवर जायला सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे वायुरूप युरेनियम गरगर फिरवून हवा तो भाग वेगळा काढणाऱ्या यंत्रांच्या, रांगाच्या रांगा, वर्षानुवर्षांची मेहनत आणि पाठीशी एक आख्खं सरकार लागतं. भंगाराच्या गोदामात ते होत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था डोळ्यांत तेल घालून हिशेब ठेवते तो अतिसमृद्ध, म्हणजे असं प्रमाण खूप वाढवलेल्या, युरेनियममधल्या २५ किलो युरेनियम-२३५चा किंवा बॉम्बच्याच कामाच्या ८ किलो प्लुटोनियमचा. एवढा माल हिशेबातून गेला तर त्याचा एक बॉम्ब होऊ शकतो असं ती धरून चालते. म्हणजे खरा थरार कुलपाचा, नोंदवहीचा आणि पहाऱ्याचा आहे. रात्रपाळीवरच्या माणसाला डुलकी लागली तर काय होईल, याचा आहे. आमच्या वाचनालयात असे रात्रपाळीवाले डझनानं येतात. त्यांना ही गोष्ट पहिल्या पानापासून कळली असती, कारण ते रोज तीच नोकरी करतात.

साध्या स्फोटकांना किरणोत्सारी पदार्थ बांधून केलेला 'डर्टी बॉम्ब' आणि खरा अणुबॉम्ब यांतला फरकही तुम्ही पुसून टाकता. डर्टी बॉम्बमध्ये अणुस्फोट होत नाही. त्यात माणसं जातील ती बहुतेक साध्या स्फोटानं. मागे राहतो तो दूषित झालेला परिसर, साफसफाई आणि भीती. तुमच्या कादंबरीत मात्र त्यानंही नागपूरची राख होते. आणि किरणोत्साराची बाधा झालेला माणूस तुमच्याकडे दोन मिनिटांत फेस येऊन पडतो. प्रत्यक्षात आधी मळमळतं, उलट्या होतात, मग काही दिवस बरं वाटतं, आणि नंतर कातडी भाजल्यासारखी होते, केस गळतात, रक्तातल्या पेशी घटतात. असा पेशंट आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या दिवशी आला तर पोट बिघडल्याची गोळी घेऊन घरी जाईल. त्याला किंवा त्याच्या बायकोला 'परवा एक जड डब्बा फोडला होता' हे सांगायचं सुचलं, तरच पुढचं काही. ते सुचायला आधी कुठेतरी वाचलेलं हवं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले, ती सांगते.

आमच्या गावात एक भंगारवाले आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आधी सायकल, मग हातगाडी, आता जुना टेम्पो. घरोघरची फुटकी भांडी, मोटारीच्या जळालेल्या कॉइली, खाणीच्या बाजूनं लिलावात निघालेलं लोखंड, सगळं त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये येतं. या उन्हाळ्यात असाच एक लॉट आला. त्यात तांब्याएवढं एक भांडं होतं, पिवळा रंग उडालेला, आणि त्या आकाराला न शोभेल इतकं जड. चाचांच्या पुतण्यानं हातोडा उचलला, कारण आत शिसं असणार आणि शिशाला चांगला भाव येतो. चाचांनी त्याचा हात धरला. भांड्यावर तीन पात्यांच्या पंख्यासारखं चित्र होतं. चाचींचा छातीचा फोटो काढायला ते तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते, तेव्हा एक्स-रेच्या खोलीच्या दारावर त्यांनी तेच चित्र पाहिलं होतं. त्यांनी पुतण्याला आणि कामावरच्या दोघांना शेडबाहेर काढलं, दाराला साखळी लावली आणि सरळ वाचनालयात आले. संध्याकाळी आमच्या विज्ञानाचे गुरुजी तिथे पेपर वाचत बसतात, हे त्यांना ठाऊक होतं. "मॅडम, दवाखान्याच्या दारावर हायना, तसाच पंखा हाय त्याच्यावर. काय व्हय ते?" एवढंच विचारलं. गुरुजींनी ११२ला फोन लावला. पोलीस आले, नंतर मीटर घेऊन पथक आलं. भांडं रिकामं निघालं. कुठल्या तरी यंत्रातला किरणोत्सारी स्रोत ठेवायची ती शिशाची पेटी होती, आत काही नव्हतं.

गावाची सुटका झाली ती चाचांच्या नजरेमुळे. पण रात्रीपर्यंत व्हॉट्सअॅपवर फिरत होतं ते वेगळंच. 'गावात अणुबॉम्ब सापडला', आणि खाली त्या कादंबरीच्या मुखपृष्ठाचा फोटो. कादंबरीतला खलनायक भंगारवाला, मुसलमान, आणि विदर्भातला. जुळलं सगळं. पुढचे कित्येक दिवस चाचांना कोणी माल दिला नाही. कामावरचे दोघे सोडून गेले. त्यांचा मुलगा अकरावीला आहे, आमचा चांगला वाचक. वर्गातल्या पोट्ट्यांनी त्याला कादंबरीतल्या त्या माणसाच्या नावानं हाका मारायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यानं वाचनालयात पाऊल टाकलेलं नाही. मी घरी गेले तर चाची म्हणाल्या, "मॅडम, पुस्तकात आमचंच दुकान लिवलं हाय म्हनतेत. कोनं लिवलं जी ते? आमाले पाहालं होतं का त्यायनं?" त्यांना काय उत्तर द्यायचं, ते मला तुमच्याकडून हवं आहे.

जगात याआधी काय घडलंय ते तुम्ही एकदा तरी पाहिलं असतं, तर भंगारवाल्याला खलनायक करण्यापूर्वी थांबला असता. ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात सप्टेंबर १९८७मध्ये, सोडून दिलेल्या दवाखान्यातलं कर्करोगावरच्या उपचाराचं यंत्र दोघांनी उचकटलं आणि त्यातला भाग भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ नावाचं किरणोत्सारी द्रव्य होतं. अंधारात ते निळसर चमकत होतं. त्या भंगारवाल्यानं नातेवाइकांना, मित्रांना बोलावून दाखवलं, चिमूट चिमूट वाटलं. सहा वर्षांच्या एका पोरीनं ते अंगाला लावलं आणि त्याच हातांनी जेवली. लोक आजारी पडू लागले, तेव्हा डॉक्टरांना आधी काहीतरी बाधक खाल्लं असेल असंच वाटलं. हे सगळं त्या पांढऱ्या भुकटीमुळे होतंय, हे पहिल्यांदा ओळखलं ते भंगारवाल्याच्या बायकोनं. तिनं उरलेला ऐवज पोत्यात घातला आणि बसनं नेऊन आरोग्य खात्याच्या कार्यालयात ठेवला. एक लाख बारा हजारांच्या आसपास लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांना त्या द्रव्याची बाधा झाल्याचं दिसलं, चौघं गेले. त्यांत ती पोर होती आणि ती बाईही. तिनं पोतं नेलं नसतं तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार करा.

आपल्याकडे दिल्लीच्या मायापुरीत २०१०मध्ये काय झालं? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं यंत्र लिलावात निघालं, भंगार बाजारात फोडलं गेलं, आणि आतलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० माणसांच्या हातात आलं. एकानं त्याचा तुकडा खिशातल्या पाकिटात ठेवला होता. एकजण दगावला, बाकीचे कित्येक दिवस रुग्णालयात होते. ती माणसं बॉम्ब बनवत नव्हती. पोट भरत होती, आणि समोरच्या धातूत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या देशात अणुऊर्जेशी संबंधित सुरक्षेवर देखरेख ठेवणारं नियामक मंडळ १९८३पासून आहे; असे स्रोत कोणाकडे आहेत याचा हिशेब ठेवणं त्याचं काम आहे. तरीही ती यंत्रणा आणि मायापुरीतला हातोडा यांच्यामध्ये एक रिकामी जागा राहिली. त्या जागेवर एक दणदणीत मराठी कादंबरी उभी राहू शकते. ती मी वाट पाहत असलेली कादंबरी आहे. ती तुम्ही अजून लिहिलेली नाही.

दुसरी तक्रार याच्याच पोटातली आहे, खलनायकाच्या आडनावाची. अणुदहशतवादाचा खरा इतिहास एका धर्माच्या माणसांचा नाही. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ला सारिन हा विषारी वायू सोडणारा ओम शिनरिक्यो हा पंथ जपानी होता, त्यात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होते, आणि युरेनियमवर डोळा ठेवून त्यांनी १९९३मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं एक विस्तीर्ण कुरण विकत घेतलं होतं. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचं, अणुतंत्रज्ञान चोरून विकणारं जाळं तुम्हाला आवडतं, तर तेही नीट वाचा. ऑक्टोबर २००३मध्ये लिबियाकडे निघालेलं एक जर्मन मालकीचं जहाज अडवलं गेलं, त्यात सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग सापडले. ते मलेशियात बनले होते, दुबईमार्गे चालले होते. फेब्रुवारी २००४मध्ये खान यांनी टीव्हीवर कबुली दिली. त्या धंद्यात पाकिस्तानी होते, तसे जर्मन आणि स्विस अभियंते होते, श्रीलंकेचा व्यापारी होता. बिलं, बोगस कागद, दलाली, पैसा. त्या जाळ्यात शिरायला पांढरा शर्ट आणि इंजिनियरची पदवी लागत होती, टिनाचं शेड नव्हे.

किंवा हे घ्या. नोव्हेंबर २००७मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पेलिंडाबा अणुकेंद्रात रात्री हत्यारबंद माणसं घुसली. तिथे बॉम्बच्या कामी येईल असं युरेनियम होतं. ते आतल्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचले, एकाला गोळी घातली आणि निसटले. ते कोण होते आणि कशासाठी आले होते, हे आजही जगाला ठाऊक नाही. आणि जुलै २०१२मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथे, जगातल्या सगळ्यात कडेकोट बंदोबस्तातल्या एका कारखान्यात, ८२ वर्षांची एक ख्रिस्ती संन्यासिनी (नन) आणि तिचे दोन सोबती रात्रीच्या अंधारात एकामागून एक कुंपणं कापत थेट अतिसमृद्ध युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत गेले. त्यांनी भिंतीवर शांततेच्या घोषणा लिहिल्या आणि पहारेकऱ्याची वाट पाहत थांबले. ८२ वर्षांची म्हातारी! आमच्या वाचनालयात ही गोष्ट मी तोंडी सांगितली तेव्हा कूलर बंद पडला तरी कोणी उठलं नाही. एवढा कच्चा माल समोर पडलेला असताना प्रत्येक वेळी तोच दाढीवाला आणि तीच वायर कशासाठी?

भारत-पाकिस्तान तणावाबद्दल थोडक्यात लिहिते, पण तेही मनाला लागलेलं आहे. तुमच्या कादंबरीत पंतप्रधान फोन उचलतात आणि पाच मिनिटांत बटण दाबायची वेळ येते. ४ जानेवारी २००३ला आपल्या सरकारनं जाहीर केलेलं धोरण आहे: पहिला वार आपण करणार नाही, आणि अण्वस्त्राचा निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा. दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ला करार केला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. संसदेवर हल्ला होऊन अठरा-एकोणीस दिवस झाले होते, सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर येत होती, तरी १ जानेवारी २००२ला ती यादी दिली-घेतली गेली. बालाकोटनंतरच्या वर्षारंभीही दिली-घेतली गेली. ते कागद हातात घेऊन दालनात उभ्या असलेल्या दोन अधिकाऱ्यांवर एक प्रकरण लिहा. ९ मार्च २०२२ला आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती. पाकिस्ताननं उलट मारा केला नाही. आपल्या सरकारनं चूक मान्य केली, चौकशी झाली, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ते क्षेपणास्त्र हवेत असताना पलीकडे पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? सीमेवर तैनात असलेली पोरं आमच्या गावचीही आहेत. त्यांच्या आया तुमची पुस्तकं वाचतात आणि मला येऊन विचारतात, खरंच इतकं सोपं असते का जी हे. सोपं नाही, हे तुम्ही त्यांना सांगायला हवं.

तिसरी तक्रार आमच्या मुलखाची. तुमच्या पुस्तकात विदर्भ येतो तो संत्री, वाघ, नक्षलवादी आणि आत्महत्या एवढ्यापुरता. आमचा माणूस एक तर खबऱ्या असतो, नाही तर प्रेत. त्याच्या तोंडी घातलेली वऱ्हाडी वाचवत नाही. स्फोट म्हणजे काय, हे आम्हाला शिकवायला नको. अंबाझरी, भद्रावती, भंडाऱ्याचं जवाहरनगर, सगळीकडे आयुध निर्माणी आहेत आणि आमच्या घरांतली माणसं तिथे कामाला जातात. ३० मे २०१६च्या मध्यरात्रीनंतर, ३१ मे उजाडायच्या आत, पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली, भोवतालच्या गावांतले लोक अंधारात लेकरं उचलून पळाले. २४ जानेवारी २०२५ला जवाहरनगरच्या स्फोटात आठ कामगार गेले. एवढं सगळं आसपास असताना, बारुदीबरोबर राहायचं म्हणजे कसं राहायचं, हे आमच्या एखाद्या बाईला विचारायला तुमच्यातलं कोणी आलंय का? या, आमच्या वाचनालयात बसा. मुक्कामाची सोय मी करते.

छपाईच्या चुका आणि किमतीबद्दलही बोलता आलं असतं, पण ते आत्ता महत्त्वाचं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतली एकही तुमच्या कल्पनेला कात्री लावणारी नाही.

अशा विषयावरचं हस्तलिखित छापण्याआधी भौतिकशास्त्र जाणणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्या आणि त्याचं नाव पुस्तकात द्या. कॉलेजचे प्राध्यापक आहेत, अणुकेंद्रांतून निवृत्त झालेले मराठी शास्त्रज्ञ आहेत. विचारलंत तर कोणी नाही म्हणणार नाही. कथेसाठी एखादी गोष्ट मुद्दाम बदलली असेल, तर शेवटी तेवढं सांगा.

प्रत्येक अशा कादंबरीच्या मागे दोन पानं द्या. तीन पात्यांची ती खूण छापा. तिच्या जोडीला २००७मध्ये आलेली लाल त्रिकोणातली नवी खूणही छापा, ज्यात कवटी आणि पळणारा माणूस आहे. ती अनेक देशांतल्या लोकांना दाखवून, तपासून मगच ठरवली, कारण जुनी खूण बघून सामान्य माणसाला धोका कळतच नव्हता. खाली चार ओळी: हात लावू नका, फोडू नका, लांब व्हा, इतरांना लांब ठेवा, ११२ला फोन करा. डब्बा हाताळला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. एवढंच. तुमची कादंबरी जिथे जाते तिथे सरकारची पत्रकं पोहोचत नाहीत.

खलनायक माणूस म्हणून लिहा. त्याला हाव, राग, विचार, घर, भूतकाळ द्या. तो कोणत्याही धर्माचा असू द्या, पण त्याचं नाव आणि धंदा हाच त्याचा गुन्हा असल्यासारखं लिहू नका.

आणि त्या कादंबरीच्या प्रकाशकांना वेगळं सांगते: तिसरी आवृत्ती काढाल तेव्हा आधी ती दुरुस्त करा. कोणत्या पानावर काय चुकलंय, त्याची यादी माझ्या पहिल्या पत्रात आहे. ते पत्र हरवलं असेल तर पुन्हा पाठवते.

आमच्या वाचनालयापुरतं मी ठरवलंय. ते पुस्तक कपाटातून काढणार नाही, कारण लोकांना ते वाचायचं आहे आणि वाचण्यापासून कोणाला अडवणं माझं काम नाही. पण त्याच्या पहिल्या पानावर आता एक चिठ्ठी डकवलेली आहे. तीन पात्यांची खूण, ११२ हा नंबर, आणि आमच्या गावच्या शेडमध्ये ते भांडं कोणी आणि कसं ओळखलं ते, चाचांच्या परवानगीनं. गुरुजींनी शाळेत हाच धडा घ्यायचं कबूल केलंय, आणि तो चाचांनीच शिकवावा असा माझा आग्रह चालू आहे. ते लाजतात, पण येतील.

तुमचं उत्तर आलं तर ते मी वाचनालयाच्या फळ्यावर लावीन, अनुकूल असो वा नसो. दुरुस्त आवृत्ती निघाली की आम्हाला दोन प्रती हव्यात. भेट म्हणून नकोत, बिलासकट पाठवा. एक कपाटात ठेवीन. दुसरी मी स्वतः चाचांच्या मुलाकडे नेऊन देणार आहे, तेव्हा पार्सल लवकर निघेल असं बघा.

आपली,
एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल,
तालुका वणी, जिल्हा यवतमाळ